स्थळाची पाहणी

पुढे सगळी हयात मी सरकारला आणि कारखानदारांना सल्ले देत हिंडले. इथे पैसा घाला, तिथे नको. हा पूल जपा, तो पाडा. लोकांना वाटतं, केवढं बुद्धीचं काम! सुरुवातीला तरी बुद्धीचा काही संबंध नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा गेला, मी चिंचवडला वडिलांकडे परत आले आणि मला कशाचं काही वाटेनासं झालं. चहाने जीभ भाजली तर संध्याकाळी कळायचं. पुण्यातल्या एका सल्लागार साहेबांनी मला नोकरी दिली. जिला काही वाटतच नाही, तिचं मत निःपक्षपातीच असणार! मीही ते कौतुक समजून, काळी पुरुषी छत्री उघडून, दगडी चेहऱ्याने मिरवायची.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले होते. एका कंपनीच्या डोळ्यांसमोर चिखलीजवळचं लढाईच्या काळातलं गोदाम होतं. ते दुरुस्त करून वापरावं की सोडून द्यावं, हे मला बघायचं होतं.

निघताना वडील म्हणाले, "आज स्थळ बघायचंय ना? बरी साडी नेस."

"नाना, तिथे धूळ असते."

नानांना माझ्या कामात एवढा रस कधीपासून, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

गोदामापाशी कंपनीचे इंजिनिअर उभे होते. ते विधुर आहेत, नानांनी त्यांच्याशी माझं बोलून ठेवलंय आणि सकाळचं 'स्थळ' म्हणजे हेच, यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

"बाईसाहेब, लई आत जाऊ नगा, पत्रा हलतोय," राखणदाराने बजावलं. मी उघड्या छत्रीसकट आत गेले, फिरून दारातल्या छपराखाली आले.

इंजिनिअर घसा खाकरून म्हणाले, "मत मोकळेपणाने सांगा. आपण दोघांनीही आधी एकदा सोसलंय."

सोसलंय म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. म्हटलं, "स्थळात दम नाही. दर्शनी बाजूला चुना मारलाय, पण वय लपत नाही."

त्यांचा हात आपोआप केसांवर गेला.

"एकदा वापरून झालंय. डागडुजी करत बसण्यापेक्षा सरळ दुसरं बघा."

"दुसरं बघू?"

"शहाणा माणूस तेच करेल."

ते बुटाने माती उकरू लागले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही गोदामाबद्दल बोलताय ना?"

"मग कशाबद्दल?"

त्यांनी सांगितलं. लाज वाटायला हवी होती, हसू तरी यायला हवं होतं. काही आलं नाही. आपण छपराखाली छत्री उघडी धरून उभ्या आहोत, एवढं मात्र दिसलं. ती मिटली.

"पाया तपासलात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग वरवर बघून कसं सांगता?"

मी मिटलेली छत्री काखेत मारून निघाले.

घरी नाना दारातच उभे होते. त्यांना दुसरं काही नको होतं; आपल्यामागे मुलीचं कोणीतरी असावं, एवढंच.

"काय गं, कसं वाटलं स्थळ?"

"पाया बघायचा राहिलाय. परत जावं लागेल."

ते लगबगीने आत गेले. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला. मी गोदामाबद्दल बोलतेय, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खरंच गोदामाबद्दलच बोलत होते का, ते आज मला विचारू नका.

नानांनी चहा आणून दिला. अतोनात गोड होता. आणि फार गरम होता, हे तेव्हाच्या तेव्हा कळलं.