दक्षिण वर असलेला नकाशा

वडील फौजेत नकाशे वाचायला शिकवायचे. नव्वदीच्या दशकात आम्ही लखनौत, तेलीबागेत राहत होतो. एकदा त्यांना अमीनाबाद बाजारातल्या रद्दीत एका जुन्या नकाशाची छापील प्रत मिळाली. नकाशा सायलेशियाचा होता. हा प्रांत आज बहुतेक पोलंडमध्ये आहे. सोळाव्या शतकात तिथल्या एका शाळामास्तरानं तो काढला होता, आणि त्यात दक्षिण वर होती. डोंगर माथ्याला, नदी तिथून खाली उतरणारी.

वडिलांना हे खपेना. नकाशा म्हटला की उत्तर वर, हा त्यांचा धर्म. त्यांनी नकाशाला फ्रेम करून घेतली आणि ती फिरवून टांगली. उत्तर वर आली, अक्षरं मात्र डोक्यावर उभी राहिली.

शेजारचे काका म्हणाले, "भाईसाहब, तस्वीर उल्टी टँगी है."

"तस्वीर नहीं, नक्शा है. और सीधा है," वडील गुरकावले. येणारे-जाणारे माना वाकड्या करून तो नकाशा बघत राहिले.

दिवाळीच्या रंगकामानंतर आईनं तो अक्षरांप्रमाणे सुलट लावला. संध्याकाळी वडिलांनी तो पाहिला आणि तडक स्टूल ओढलं.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमच्या प्रत्येक नकाशात माझं नांदेड खालीच बघतेय. एका तरी नकाशात दक्षिण वर असू दे."

वडील स्टुलावर चढले, खिळा हलतोय का ते पाहिलं आणि उतरले.