चाळीस काचा

मलेरियाच्या संशोधकाने आपले आयुष्य मानवजातीला वाहिलेले असते, असे माझ्या सत्कारांचे सूत्रसंचालन करणाऱ्यांनी आजवर अनेकदा सांगितले आहे. मानवजातीशी माझा फारसा संबंध आला नाही. आला तो वाशीम जिल्ह्यातल्या काही गावांतल्या लोकांशी, आणि तोही त्यांच्या डाव्या हाताच्या अनामिकेपुरता.

प्रबंधासाठी मी दोन पावसाळे अनसिंगला खोली घेऊन राहिलो. ज्या एका आरोग्यसेवकासोबत हिंडायचो ते वयाने माझ्या दुप्पट होते. घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधायचे, बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचे, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर आखलेल्या चौकोनात भेटीची तारीख लिहायची, हे त्यांचे काम. पोळ्याआधी भिंती सारवताना बायका तेवढा चौकोन सोडून सारवत. माझ्या एकाही शोधनिबंधाला पुढे इतका मान मिळालेला नाही.

"चाल गा पोट्ट्या, ऊन होऊन राह्यलं," असे म्हणत ते सायकलवर टांग टाकत. दुपारी एखाद्या शाळेच्या ओट्यावर डबा उघडायचा आणि अर्धी भाकर न विचारता माझ्या हातावर ठेवायची. पुढे मी पुष्कळ मलेरिया परिषदांत जेवलो. त्या बहुधा डास पोचत नाहीत अशा मजल्यांवर भरतात. तिथे ताट हातात घेऊन उभा असलो की मला तो ओटा हवासा होतो, आणि मग बराच वेळ दुसरे काही सुचत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मी एका कामासाठी वाशीमला गेलो होतो, तेव्हा जवळच्या एका वस्तीवरून ते एकटेच चाळीस काचा घेऊन आले. मी त्या उजेडात धरून पाहिल्या. चाळीसही हुबेहूब सारख्या: तोच वाटोळा ठिपका, तीच जिभेच्या आकाराची पातळ पसरण. आमच्या धंद्यात एक जुनी लबाडी आहे. घरोघर फिरण्याचा कंटाळा आला की एकाच बोटातून दहा काचा भरायच्या. मी ती नुकतीच वाचली होती आणि कुठेतरी सापडावी म्हणून उतावीळ होतो. काचा सूक्ष्मदर्शकाखाली न घालताच मी काचांच्या डब्यावर 'अग्राह्य' असे लिहिले.

त्यांनी ते वाचले. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडला, भाकर मोडली आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "घ्या साहेब."

पुढे नोकरीत मी शेकडो लोकांना काचेवर रक्त पसरायला शिकवले. कुणाची पसरण जाड, कुणाची फाटकी. एकाच माणसाच्या दोन काचाही कधी सारख्या निघाल्या नाहीत. मग लबाडी करून तरी चाळीस सारख्या कशा होतील, हा प्रश्न मला पडायला वीसेक वर्षे लागली. काचांचा तो डबा माझ्याकडेच होता. एका रविवारी तो काढून बसलो. एका काचेत रक्तक्षयाने फिकटलेल्या पेशी, दुसरीत जंतांमुळे वाढलेल्या पांढऱ्या पेशी, तिसरीत अगदी ठणठणीत रक्त. चाळीस वेगवेगळी माणसे होती. सारखा होता तो पसरणारा हात.

गेल्या वर्षी मला वाशीमला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले. कार्यक्रम सोडून मी आधी अनसिंग गाठले. त्यांनी एकदा पुन्हा पोट्ट्या म्हणावे, एवढेच मला हवे होते. ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. काचा तपासल्याचे सांगितले, चुकलो म्हणालो, चाळीसही माणसे वेगळी होती हेही सांगितले.

"मले तं मालूमच होतं," ते म्हणाले.

त्यांनी आणखी चार शेंगा फोडल्या. मग म्हणाले की त्या वस्तीवरचे लोक महिनोन् महिने रिपोर्ट विचारत होते. एक बाई तर दर बाजाराला गाठायची. 'अजून आला नाही' असे सांगता सांगता त्यांची निवृत्ती आली. गोळ्या दिल्या होत्या, माणसे बरी झाली, पण विचारलेले तसेच राहिले होते.

"मंग, निंगाला काय कोनाले, साहेब?"

चाळीसच्या चाळीस काचा निगेटिव्ह होत्या.