आबांनी धुतलेला समुद्र

आमच्या सावद्यापासून समुद्र कुठल्या कुठे, तरी मी धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात, एम.एस्सी.चा प्रकल्प घेतला तो समुद्री शेवाळावर. घरचा केळीचा मळा सोडून पोरीनं शेवाळ पिकवावं, हे माझ्या वडिलांना, आबांना, काही केल्या पटेना. ठिबकच्या फिल्टरात अडकणारं शेवाळ हा त्यांचा जन्माचा वैरी.

दिवाळीत प्रयोगशाळेला कुलूप लागलं, म्हणून बाटली जपत जपत घरी आणली. आत खारं पाणी आणि त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, अंगावर चुन्याचं चिलखत घालणारं शेवाळ. त्यानं पाणी दुधाळ दिसायचं. समुद्र हल्ली होतोय तसं मी ते पाणी जरा आम्लधर्मी केलं होतं, वर शेवाळाला मारणारा विषाणू सोडला होता. चिलखत कमजोर झाल्यावर विषाणू जिंकतो की हरतो, एवढंच बघायचं. जिंकला तर पाणी नितळ होणार. माझी पदवी त्या बाटलीत होती.

"केळीले लागंन का हा व्हायरस?" आबांची पहिली शंका.

"नाही हो आबा."

"अन् समुद्रात ॲसिड टाकते कोन?"

"आपणच. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर पाण्यात मुरतो ना."

"मंग कोनी कबूल करते का?"

"कोण करतंय!" मी हसले.

धनत्रयोदशीच्या सकाळी खिडकीत बघते तर बाटली नितळ! मी नाचायचीच बाकी होते. लगेच मार्गदर्शक मॅडमना फोन लावला, विषाणू जिंकला म्हणून. त्याही खूश. एवढ्यात आबा मळ्यातून आले.

"झाली ना चकाचक? फिल्टरले टाकतो तेच ॲसिड टाकलं, घासली, अन् चांगलं पानी भरून ठेवली. सनासुदीची घरात घान काहाले?"

"आबा, ती घाण नव्हती, तेच माझं शेवाळ होतं!" मी ओरडले. असा राग आला! रडू येत होतं आणि मेलं हसूही. आबांना काय झालं ते कळलं, त्यांचा चेहरा उतरला. फोन चालूच होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, मॅडमना दिसत असल्यासारखी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मॅडम, पोरीची चूक नाही. तिचं शेवाळ म्या मारलं. ॲसिड टाकून."

मग मॅडम म्हणाल्या, "तिला नवं शेवाळ देते, आबा. ॲसिड टाकून कबूल करणारे तुम्ही पहिलेच."