पहिल्या रांगेतली हाक

एवोदिया नेत्सावाल चर्चमध्ये पुटपुटायची आणि मुखवटेवाल्या कुस्तीच्या आखाड्यात ओरडायची. दोन्हीकडे ती पहिल्या रांगेतच बसे, पण तिचा खरा आवाज काय आहे ते पाद्रीबाबांना कधी कळलं नाही. आठवडाभर ती आमच्या अपिसाको गावच्या बाजारात बीन्स भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या विकायची. रविवारी दुपारी चारला तवा उतरवून, हात धुऊन, चांगली शाल घेऊन आखाड्यात यायची. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, नाव वेन्सेस्लाओ. आमच्या घरांची भिंत एकच आणि आखाड्यातलं बाकडंही एकच.

आखाड्यात तिचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. काळ्या मुखवट्यावर लाल ज्वाळा काढलेला तिसोन. तिसोन म्हणजे जळकं लाकूड. तो रूदो होता, म्हणजे नियम मोडणं हाच ज्याचा धंदा. बाकीचे लोक रिंगणात कोण येईल त्याला शिव्या देत, एवोदिया फक्त तिसोनला.

"ए जळक्या, आईनं तुला दुधाऐवजी रॉकेल पाजलं होतं का?"

तो प्रतिस्पर्ध्याला तसाच सोडून दोरांपाशी यायचा. "बाई, घरी जा. तुमचा नवरा पहिल्यांदा सुखानं झोपलाय असं ऐकलं, म्हटलं खरं आहे का बघून या."

नवरा मरून चार वर्षं झाली होती आणि हे सगळ्या आखाड्याला ठाऊक होतं. तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली. पुढे पुढे लोक या दोघांची जुगलबंदी ऐकायला आमच्या मागची बाकडी आधीपासून धरून ठेवू लागले.

तेव्हा कुस्तीगीर साध्या बसनं यायचे, मुखवटा घालूनच. स्टँडवर नाकापर्यंत मुखवटा वर करून पाव खायचे आणि माणसं शहाण्यासारखी दुसरीकडे बघायची. पंधरा-पंधरा मिनिटं नुसती मनगटांची झटापट चाले. आजची पोरं खारीसारखी दोरांवरून उड्या मारतात आणि बघणारे फोनच्या काचेतून बघतात. पूर्वीचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, संडास तेव्हाही घाणच होते. पण कुठे बघायचं नाही, हे लोकांना कळत होतं.

एकदा स्टेशनमास्तरचा राजधानीतला जावई आमच्याबरोबर आला होता. बसल्या बसल्या विचारतो, "हे सगळं आधी ठरलेलं असतं ना?"

एवोदियानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही सासुरवाडीला आलात तेव्हा सासूबाई हसून पुढे आल्या. ते ठरलेलं नव्हतं? तरी पोटभर जेवलात ना?"

बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी तिसोन आमच्या पायाशी येऊन पडला, तेव्हा तिनं बूट काढून त्याच्या कोपरावर टाच हाणली. दुसऱ्या दिवशी तिची गॅसची शेगडी दुरुस्त करायला रेमिहियो त्लापाले आला. हा गल्लीगल्लीत फिरून शेगड्या दुरुस्त करायचा, सालस, हळू बोलणारा. बाह्या वर करून तो बर्नर काढायला लागला आणि त्याच्या कोपरावर तिच्या बुटाच्या टाचेचा, तीन खिळ्यांचा निळा ठसा दिसला. एवोदियानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आमच्यात नियमच आहे: मुखवट्याखालचा माणूस तुम्हाला ठाऊक असेल तर असू दे, पण ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक असता कामा नये. नाव बाहेर पडलं की मुखवटा म्हणजे नुसतं फडकं.

तेव्हापासून दर सोमवारी शेगडीत काही ना काही बिघडू लागलं. काम झालं की ती त्याला जेवू घालायची.

"काल आखाड्यात फार गर्दी होती म्हणे?" तो विचारायचा. "बाई, मला त्यातलं काही कळत नाही."

"बरंच आहे. गुंडांचा खेळ तो. तो तिसोन तर एक नंबरचा हलकट."

"असेल," म्हणून तो मान खाली घालून जेवायचा. रविवारी जास्त मार बसला असेल तर ताटात मांसाचा एक तुकडा जास्त पडे. बावीस वर्षं त्या घरात खरं असं काही कुणी बोललं नाही, आणि इतका सुखाचा संसार मी दुसरा पाहिलेला नाही.

मागच्या जत्रेत भिंतींवर कागद लागले: मुखवट्याला मुखवटा, तिसोन विरुद्ध लुसेरो. जो हरेल तो सगळ्यांसमोर तोंड उघडं करणार. लुसेरो चोवीस वर्षांचा, सरळ मार्गाचा, पांढरा स्वच्छ. तिसोनच्या मुखवट्याखालचा माणूस अठ्ठावन्नचा. त्या वयाच्या रूदोचा मुखवटा पणाला लागतो, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना समजायचं ते समजतं आणि ते गप्प बसतात. एवोदियाला समजलं नाही, की समजून घ्यायचं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. तिनं तिसोनसाठी मेणबत्ती लावली. रूदोसाठी मेणबत्ती लावणारी ती अपिसाकोतली पहिलीच.

पहिल्या दोन फेऱ्यांत दोघांनी एकेक जिंकली. तिसऱ्या फेरीत लुसेरोनं खांबावरून उडी टाकली आणि तिसोन उजव्या खांद्यावर पडला. आवाज आम्हाला ऐकू आला. हात विचित्र वाकडा झाला होता. तो गुडघ्यावर उठला खरा, पण पुढचं काही त्याला सुचत नव्हतं.

एवोदिया उभी राहिली. शिवी येणार म्हणून मागची माणसं आधीच हसायला लागली होती.

"रेमिहियो!"

त्यानं वळून बघितलं. तेवढ्यात लुसेरोनं मागून त्याला गुंडाळलं, खांदे जमिनीला टेकवले, रेफरीनं तीन मोजले आणि खेळ संपला.

मग रीतीप्रमाणे मुखवट्याची नाडी सुटली. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. माईकवर तो म्हणाला, "रेमिहियो त्लापाले. राहणार अपिसाको. एकतीस वर्षं कुस्ती." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण आमच्या आसपासच्या दोन रांगांना ते नाव आधीच मिळालं होतं, आणि कुणाकडून मिळालं तेही. त्यांच्यातलं कुणी एवोदियाशी बोललं नाही.

"मी त्याला हरवलं, वेन्सेस," वाटेत ती म्हणाली.

तिला धीर देणारं एक वाक्य माझ्याकडे होतं. मी ते बोललो नाही. मीही चाळीस वर्षं तिकीट काढून बसलेला माणूस आहे.

तिनं बाजारात जाणं सोडलं. जेवण सोडलं. आखाड्याचं तर नावच टाकलं. "ज्याला एवढी वर्षं माझ्या हातचं जेवू घातलं, त्याचंच तोंड मी उघडं पाडलं," असं भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. मला वाईट वाटत होतं आणि थोडा रागही येत होता, कारण एवढ्या पक्क्या बाईनं असं मोडावं हे मला पटेना.

दुसऱ्या सोमवारी दुपारी रेमिहियो आला. हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात हत्यारांची पिशवी. मी तिच्याकडेच होतो, तिला दोन घास खायला लावत होतो. ती उठली आणि तिनं त्याला ताट वाढलं.

त्यानं डाव्या हातानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "एवोदियाबाई, तुम्ही मनाला लावून घेतलंय म्हणे. एक सांगतो. तो मुखवटा जाणारच होता. जत्रेच्या कितीतरी आधी, ईस्टरच्या उपवासातच आम्ही…"

"आम्ही काय?"

"म्हणजे मी, लुसेरो आणि आखाड्याचे मालक…"

तिनं पळी ओट्यावर आपटली. "जेवा. गार होतंय."

"ऐका तरी. तुमच्या हाकेमुळे काही झालं नाही, कारण…"

"मी हाक मारली. तुम्ही वळलात. त्या पोरानं तुम्हाला धरलं. मी या डोळ्यांनी पाहिलं." तिचा आवाज आता आखाड्यातला होता. "एकतीस वर्षं मी जे जे पाहिलं ते याच डोळ्यांनी पाहिलं, रेमिहियो. ते पाहिलं ना मी? बोला, पाहिलं ना?"

त्यानं ठेवलेली भाकरी पुन्हा उचलली. आतापर्यंत तिच्यासमोर तो हजारदा खोटं बोलला असेल, पण इतका विचार करून कधी बोलला नसेल.

"पाहिलंत," तो म्हणाला. "तुम्ही हाक मारलीत म्हणूनच हरलो. नाहीतर त्या पोट्ट्याला मी उभा चिरला असता."

एवोदिया शेगडीकडे तोंड करून रडली. मग तिनं स्वतःसाठी ताट घेतलं आणि त्याच्या समोर जेवायला बसली.