पापणीच्या आतलं लाल

नागभीडच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात जेवण वाढणाऱ्या बाई ताटाआधी डोळ्यांकडे बघायच्या. "पापणी खाली कर वो," म्हणायच्या. आत फिकट दिसलं की रक्त कमी, मग ताटात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी आणखी एक पळी!

मला पोलीस भरतीसाठी पळायचं होतं आणि मैदानाच्या दोन फेऱ्यांतच गरगरायचं. भाजी मात्र नको असायची. एकदा डोळे चोळून लाल करूनच गेले. "फसवून राह्यली काय मले? वरून घासून आतून लाल होत नाई!" त्या दिवशी दोन पळ्या पडल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी मी न थांबता सगळ्या फेऱ्या पळाले आणि घामाघूम होऊन थेट मेसमध्ये शिरले. बाईंनी माझी पापणी ओढली आणि पळी पातेल्यावर दणादण वाजवली. "लाल झाली! पाहा वो पोरींनो, लाल झाली!" पोरी टाळ्या पिटायला लागल्या. त्या भरात मी बाईंचीच पापणी खाली ओढली.

"मले काऊन पाहून राह्यली?" त्या हसत होत्या.

आत नुसतं पांढरं होतं.

मी त्यांच्या हातातली पळी हिसकावली. "ताट घ्या बाई! आज लाइनीत पयल्या तुमी."