बोंबलाचा डबा आणि बंद शाळा

रोगाच्या काळात शाळा बंद केली ती बरोबर की चूक, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. आम्हाला कोण विचारणार? माझी चौथी झाली आणि मी होडीवर चढलो. पण शाळा बंद झाली तेव्हा माझ्या घरात काय झालं ते मी पाहिलंय, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा बंद केली तेव्हा मीच म्हटलं, करा. रोग कसला, कुठून येतो, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मग दारूचं दुकान उघडलं. किनाऱ्यावरची हॉटेलं उघडली. लग्नं लागली, बँजो वाजला. शाळेला मात्र कुलूप. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. जुहूची जागा आहे ती. रिकामी शाळा कोणाला तरी हवी असणार. संध्याकाळी फिरायला म्हणून मी शाळेवरून जायचो आणि आत कोणी टेप लावून मोजतंय का ते बघायचो. बायको म्हणायची, "तुमच्या स्वप्नात पण बिल्डर येतो काय हो?"

शाळा बंद म्हणजे पोरं आपापल्या घरी, असं वरच्या लोकांना वाटत होतं. कसली घरी! आमच्या गल्लीत धड चालणारा फोन एकाच घरात. तो पण माळ्यावर, कारण खाली रेंज नाही. गल्लीतली सगळी पोरं त्या माळ्यावर. खिडकी एक, ती पण लावलेली, कारण रस्त्याच्या आवाजात बाईंचं बोलणं ऐकू येत नसे. शाळेत निदान एका बाकावर दोघं असतात. इथे डोक्याला डोकं लावून, एकमेकांच्या तोंडात तोंड घालून बसायची. याला म्हणायचे ऑनलाइन. ज्याने शाळेला कुलूप लावलं त्याने एकदा ती शिडी चढून बघायला पाहिजे होतं.

माझी नात तेव्हा अकरा वर्षांची. ती पण त्याच माळ्यावर. तिला जेवायला आणायला माझी बायको शिडी चढून जायची.

बायकोचा जन्म मासळी विकण्यात गेला. पापलेट नाकाशी धरलं की आजचं की कालचं, लगेच सांगायची. एक दिवस ती बाजारातून उतरलेली सुरमई घेऊन आली. घरभर वास. आणि मलाच म्हणते, "ताजी आहे की!" तिचं नाक गेलं होतं. मग ताप, मग दम. गाडी आली आणि तिला घेऊन गेली. परत आणली नाही. तोंड पण बघू दिलं नाही.

कोणी आणला घरात? मी सगळ्यांवर संशय घेतला. बाजारावर, मुलावर, त्या माळ्यावर, स्वतःवर पण.

पुढे शाळा उघडली. म्हटलं, इतके दिवस रोग होता, आता एकदम कुठे गेला? पण पोरगी पाढे विसरली होती. वाचताना बोट ठेवून ठेवून अडखळायची. म्हटलं, जाऊ दे हिला. तर हीच जाईना. पोट दुखतं, गणवेश तोकडा झाला, मैत्रीण येत नाही. मुलाने रट्टे दिले तरी नाही म्हणजे नाही. शेवटी सून कंटाळून म्हणाली, "सोमवारपासून माझ्याबरोबर बाजारात चल. कोलंबी तरी सोलशील."

एकदा बाजारात बसलेली पोर परत बाकावर बसत नाही. आमच्या गल्लीत अशा कितीतरी आहेत.

मी नातीवर नजर ठेवली. बायकोने सुकवलेल्या बोंबलांचा डबा फळीवर होता. तिच्या हातचे शेवटचे, म्हणून आम्ही पुरवून खात होतो. त्याचं झाकण रोज सकाळी कलतं दिसायला लागलं. म्हटलं, आलं लक्षात! पोरगी बोंबील काढून कोणाला तरी देते. कोणाला? कोपऱ्यावरच्या त्या टोळक्याला? मग एक सकाळ मी डोळे मिटून पडून राहिलो.

ती उठली. डबा काढला, झाकण उघडलं आणि आत नाक घातलं. जोरात श्वास ओढला. एकही बोंबील घेतला नाही. डबा ठेवला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली.

"काय गं, बोंबलाची आरती करतेस काय?"

ती इतकी दचकली की चहा बशीत सांडला. "वास येतो का बघत होते."

"बोंबलाला वास येणार नाही तर काय अत्तराला येणार?"

"बोंबलाचं नाही रे आजा. मला येतो का ते."

"आणि नाही आला तर?"

"तर तुझ्याजवळ नाही यायचं." मग खाली बघून म्हणाली, "आजीला मीच दिला ना? समोरची काकी आईला सांगत होती. माळ्यावरून पोरीनेच आणला म्हणून. शाळेत गेले की परत आणीन. मग तू पण."

मला काकीचं तोंड आठवलं आणि चहाची बशी तिच्या दारावर फेकावीशी वाटली.

"आजीला कोणी दिला ते काकीला ठाऊक नाही. डॉक्टरला पण ठाऊक नाही. आजी दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडासमोर बसायची. मी धक्क्यावर मास्क गळ्यात घालून गप्पा ठोकायचो. मी दिला असेन. काढतेस मला घराबाहेर?"

"म्हणजे काकी खोटं बोलते?"

"काकी बोलते. खरं-खोटं तिला पण माहीत नसतं."

"आणि तू मेलास तर?"

"मरणारच आहे मी. तू कोलंबी सोलायला बसलीस तर लवकर मरेन."

"खोटारडा!" ती म्हणाली. माझं तिला पटलं असं मला आजही वाटत नाही. पण गणवेश घातला. तोकडा होता, ते मात्र खरं होतं.

मी बरोबर गेलो. वर्गाच्या खिडक्या बंद.

"बाई, ह्या उघडा."

"आजोबा, मच्छर येतात."

"येऊ देत. चावला तर खाजवेल. उघडा, नाहीतर पोरीला घेऊन चाललो."

"आजा, गप ना रे!" नात लाजेने लाल.

बाईंनी दोन उघडल्या. तिसरी गंजलीय म्हणाल्या. असेल. पण माझी पाठ फिरली की त्या दोन पण लावतील, असं मला वाटलं. म्हणून मी बाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. मधल्या सुट्टीत नात खिडकीत आली आणि गजांतून ओरडली, "अरे, जा ना घरी!"

मी गेलो नाही.