आंबलेली टाकी

मैलापाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत मावशी एकोणीस वर्षं बाटल्या धूत होत्या. नवरा तिथलाच पंपचालक. तो गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. बाईच्या हाती पंप कसा द्यायचा, म्हणून बाटल्या दिल्या.

केंद्रात एक भलीमोठी बंद टाकी होती. तिच्यात मैल्याचा गाळ कुजायचा, त्यातून गॅस निघायचा आणि त्या गॅसवर पंप चालावेत असा बेत होता. पण गॅस इतका मरतुकडा, की पंप सोडाच, कँटीनचा चहा धड उकळत नव्हता.

मावशींनी एकदा तीन बाटल्यांत गाळ भरून तोंडाला फुगे बांधले. एकीत नुसता गाळ, दुसरीत कँटीनचं खरकटं चमचाभर, तिसरीत मूठभर. आठवड्यात दुसरीचा फुगा टम्म झाला. तिसरीचा जरासा फुगला आणि त्याने मान टाकली. बाटली उघडली तर आंबट वास थेट मस्तकात गेला. वर्षभर त्या मापं बदलत राहिल्या, वहीत लिहीत राहिल्या.

"घरात नातवंडं नाहीत, म्हणून तिथे फुगे फुगवतेस होय?" नणंद म्हणायची.

नवे इंजिनियर साहेब आले. त्यांनी फुगे पाहिले, वही मागितली. "दोन दिवसांत देतो, मावशी."

वही परत आली नाही. टाकीत मात्र रोज बेताने हॉटेलांचं खरकटं पडू लागलं. गॅस तिप्पट झाला, पंप चालले, पाहुणे बघायला आले. साहेब "माझं संशोधन" समजावून सांगत होते, तेव्हा मावशी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

मग साहेबांना हाव सुटली. रोजच्या खरकट्याच्या एका गाडीच्या तीन गाड्या झाल्या. मावशी केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, एवढं तिला पचणार नाही. आंबेल."

"तुम्ही बाटल्यांचं बघा, मावशी."

पंधरा दिवसांत टाकी आंबली. गॅस बंद पडला, झाकणाखालून फेस वाहू लागला, आजूबाजूच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या. चौकशी बसली. तेव्हा साहेबांनी खणातून वही काढली.

"खरकटं घालायची कल्पना यांची. हे बघा, अक्षरही त्यांचंच."

"तिसऱ्या बाटलीचं पान उघडा ना," मावशी म्हणाल्या.

"विचारलं तेवढंच बोला," चौकशी अधिकारी म्हणाले.

मावशींचं नाव केंद्राच्या कागदावर पहिल्यांदा आलं, ते असं. त्यांना भांडारात फावडी मोजायला बसवलं. साहेब बढतीवर मोठ्या शहरात गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी गाड्या थांबवल्या, आंबटपणा मारायला चुना घातला, टाकी हळूहळू सावरली आणि पुन्हा बेताच्या मापावर चालू लागली. ते माप कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

"कशाला नाक खुपसायला गेलीस?" नणंद म्हणाली. "बाटल्या धुवून गप्प बसायचं."

"नाक नाही खुपसलं," मावशी म्हणाल्या. "वही दिली."

निवृत्त होईपर्यंतची चार वर्षं त्या प्रयोगशाळेची पायरी चढल्या नाहीत.